फूल समोर, डोंगर मागे: वाइड अँगल लेन्सने फुलांचे जवळून फोटो

हिवाळ्यात पाऊस बरा झाला, की मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातले काही डोंगरउतार नारिंगी होतात. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, मोहावी वाळवंटाच्या पश्चिम कडेला अँटिलोप व्हॅलीचं पॉपी राखीव क्षेत्र आहे. बहराच्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या मित्रमंडळींचे फोटो तुम्ही पाहिले असतील, कदाचित स्वतःही काढले असतील. या फोटोंचे साधारण दोन प्रकार असतात. पहिल्यात लांबवर पसरलेला नारिंगी गालिचा दिसतो, पण ती फुलं आहेत की नुसता रंग, हे कळत नाही. दुसऱ्यात एकच फूल अगदी पाकळीच्या रेषेसकट दिसतं, पण मागे सगळं धुकं असतं. ते फूल वाळवंटात उमललंय की कुणाच्या अंगणातल्या कुंडीत, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही.

आजचा धडा तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. फूल जवळ, मोठं, स्पष्ट. आणि त्याच चौकटीत त्याचे शेजारी, त्याची माती, मागचा डोंगर आणि आभाळ. हे फूल कोण आहे आणि कुठे राहतं, ही दोन्ही उत्तरं एका फोटोत. त्यासाठी वाइड अँगल लेन्स घेऊन फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं. ‘वाइड लेन्सला डेप्थ ऑफ फील्ड जास्त असते, म्हणून सगळं स्पष्ट येतं’ असं त्याचं कारण सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं, की कॅमेऱ्यावर कुठला आकडा लावायचा हे पाठ करावं लागत नाही.

आधी अंतराची गोष्ट

पुढच्या सगळ्या हिशेबात एकच उदाहरण वापरू. कॅलिफोर्निया पॉपीचं ५ सेंमी रुंद फूल, आणि मागे २ किलोमीटरवर ३०० मीटर उंच डोंगर. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच. सेन्सरवर फुलाची प्रतिमा ५ मिमीची हवी, म्हणजे प्रत्यक्षाच्या एकदशांश. सोयीसाठी लेन्स म्हणजे एकच पातळ भिंग आहे असं मानू.

आता दोन लेन्स घ्या: एक २० मिमीची वाइड आणि दुसरी १०० मिमीची. फुलाची प्रतिमा ५ मिमीचीच यायला हवी असेल, तर २० मिमीची लेन्स फुलापासून २२ सेंमीवर आणावी लागते आणि १०० मिमीची ११० सेंमीवर. दोन्ही फोटोंत फूल सारखंच मोठं आहे. डोंगराचं काय होतं?

- २० मिमी: डोंगराची प्रतिमा ३.३ मिमी उंच. चौकटीत डोंगररांगेची सुमारे ३२७० मीटर रुंदी मावते.
- १०० मिमी: डोंगराची प्रतिमा १६.५ मिमी उंच. चौकटीत फक्त सुमारे ६५५ मीटर रुंदी मावते.

म्हणजे वाइड लेन्सच्या फोटोत फूल डोंगरापेक्षा उंच दिसतं, तर दुसऱ्या फोटोत डोंगर फुलाच्या तिपटीहून मोठा. या गमतीचं श्रेय बरेचदा लेन्सला दिलं जातं, पण ती खरी अंतराची करामत आहे. वस्तूंचे आपसातले लहानमोठेपण तुम्ही कुठे उभे आहात यावरच ठरतं. लेन्स फक्त चौकट किती रुंद ठेवायची ते ठरवते. वाइड लेन्स आपल्याला फुलापाशी नेते, आणि फुलापाशी गेल्यामुळे दृश्य बदलतं.

गैरसमज कुठे आहे

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे फोकसच्या पुढेमागे जेवढ्या खोलीपर्यंत गोष्टी स्पष्ट दिसतात तो पट्टा. स्पष्ट कशाला म्हणायचं? फुल फ्रेम सेन्सरवर एखादा बिंदू ०.०३ मिमीपर्यंत पसरला, तर साधारण आकाराच्या प्रिंटमध्ये डोळा त्याला बिंदूच समजतो. हीच मर्यादा धरून एफ/११ ला दोन्ही लेन्सचा हिशेब करू:

- २० मिमी: फुलाभोवती सुमारे ७५ मिमीचा पट्टा स्पष्ट.
- १०० मिमी: फुलाभोवती सुमारे ७३ मिमीचा पट्टा स्पष्ट.

फरक फक्त २ मिलिमीटरचा! फुलाची प्रतिमा सारख्याच आकाराची ठेवली आणि एफ आकडाही तोच ठेवला, तर जवळच्या अंतरावर फुलाभोवतीची स्पष्टता दोन्ही लेन्सना जवळजवळ सारखीच मिळते. वाइड लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड जास्त असते हे त्याच जागेवर उभं राहून लेन्स बदलली तर खरं आहे. पण इथे आपण जागेवर उभे नाही, फुलाच्या दिशेने पुढे सरकलो आहोत. जवळ जाऊन आपण ती वाढलेली खोली खर्चून टाकली.

मग वाइड लेन्सच्या फोटोत मागचा डोंगर ओळखू येतो आणि दुसऱ्या फोटोत नुसता रंगाचा डाग उरतो, हे कसं?

छिद्राचा नियम

उत्तर एका छोट्या भूमितीत आहे. त्यासाठी एफ आकडा म्हणजे काय ते आठवू. फोकल लेंथला एफ आकड्याने भागलं, की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. २० मिमीच्या लेन्सला एफ/११ म्हणजे १.८ मिमीचं छिद्र. १०० मिमीच्या लेन्सला एफ/११ म्हणजे ९.१ मिमीचं छिद्र. एफ आकडा सारखा असला तरी छिद्रं सारखी नाहीत.

आता डोंगरावरच्या एका बिंदूचा विचार करा. तो इतका दूर आहे की त्याच्याकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यातले छिद्रातून आत शिरणारे किरण म्हणजे छिद्राएवढ्याच जाडीची एक सरळ शलाका. ही शलाका लेन्सपर्यंत येताना फुलाच्या पातळीतून जाते, आणि तिथेही तिची जाडी छिद्राएवढीच असते. कॅमेरा फोकस झालाय फुलाच्या पातळीवर. त्यामुळे डोंगरावरचा तो बिंदू कॅमेऱ्याला फुलाशेजारी ठेवलेल्या, छिद्राएवढ्या गोल ठिपक्यासारखा दिसतो.

नियम झाला: दूरच्या बिंदूचा फोटोतला ठिपका, फुलाच्या मापाने, लेन्सच्या छिद्राएवढा असतो. २० मिमीच्या लेन्सला ५ सेंमीच्या फुलाशेजारी १.८ मिमीचा ठिपका. १०० मिमीच्या लेन्सला ९.१ मिमीचा, म्हणजे फुलाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढा.

पुढचं पाऊल महत्त्वाचं आहे. आपल्या दोन्ही फोटोंत फुलाच्या पातळीवर चौकट ३६० मिमी रुंद आहे. तिला ठिपक्याच्या मापाने भागा. वाइड लेन्सच्या फोटोत एका ओळीत सुमारे २०० ठिपके मावतात, तर दुसऱ्यात फक्त ४०. पार्श्वभूमी म्हणजे या ठिपक्यांनी रंगवलेलं चित्र. ४० ठिपके रुंदीच्या चित्रात माणूस काय ओळखणार? २०० ठिपक्यांत मात्र डोंगराची कडा, ढगांचे आकार, उतारावरचे नारिंगी पट्टे सहज ओळखू येतात.

यातली एक गंमत नीट पाहा. वाइड लेन्सने डोंगर जास्त स्पष्ट केलेला नाही. डोंगराच्या मापाने पाहिलं, तर दोन्ही फोटोंत सुमारे १६ मीटरपेक्षा बारीक तपशील पुसला गेला आहे. ३२७० भागिले २०० आणि ६५५ भागिले ४०, दोन्हींचं उत्तर जवळजवळ तेच येतं. वाइड लेन्सने तशाच मऊ डोंगराचा पाचपट रुंद भाग चौकटीत घेतला, म्हणून तो डोंगर म्हणून वाचता आला. थोडक्यात, वाइड लेन्स जास्त स्पष्ट करत नाही, जास्त सामावून घेते. आपल्याला फुलाचं राहण्याचं ठिकाण दाखवायचं असल्याने हवं आहे तेही हेच.

छिद्राचा नियम कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडतो. तुमच्याकडे लहान, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा असेल, तर १३ मिमीची लेन्स एफ/७ ला लावा. छिद्र पुन्हा १.८ मिमीच्या आसपास आणि फोटो जवळजवळ तोच.

मग छिद्र लहान करतच जायचं का?

सुचणारा पुढचा प्रश्न हाच. एफ/२२ ला छिद्र ०.९ मिमी होईल आणि ४०० ठिपके मिळतील! मिळतील, पण इथे प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो. प्रकाश छोट्या छिद्रातून जाताना थोडा पसरतो. यालाच आपण शाळेत विवर्तन म्हणून शिकलो. त्यामुळे अगदी अचूक फोकस झालेला बिंदूसुद्धा सेन्सरवर छोटी चकती बनतो. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास असा:

- एफ/११: सुमारे ०.०१५ मिमी
- एफ/१६: सुमारे ०.०२१ मिमी
- एफ/२२: सुमारे ०.०३ मिमी

एफ/२२ ला ही चकती आपल्या ०.०३ च्या मर्यादेलाच टेकते. म्हणजे मागचा डोंगर सुधारायच्या नादात पुढचं फूल मऊ पडायला लागतं. म्हणून फुल फ्रेमवर एफ/११ ते एफ/१६ हा मधला पट्टा बरा. एफ/२२ वर्ज्य नाही, पण त्याची किंमत फुलाच्या तपशिलातून वसूल होते हे ठाऊक असू द्या.

याच विवर्तनाची एक शोभेची बाजूही आहे. चौकटीत सूर्य असेल आणि छिद्र लहान असेल, तर सूर्याभोवती टोकदार तारा उमटतो. लेन्सच्या छिद्राची पाती सम संख्येची असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. सात पात्यांच्या लेन्सला चौदा टोकं मिळतात.

एक फूल की फुलांचा झुबका?

सगळंच काटेकोरपणे स्पष्ट हवं असेल, तर फुलाचा आकार थोडा सोडावा लागतो. २० मिमीच्या लेन्सला एफ/१६ ला फोकस ८५ सेंमीवर ठेवला, तर ४३ सेंमीपासून थेट डोंगरापर्यंत सगळं त्या ०.०३ च्या मर्यादेत बसतं. या अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. पण ४३ सेंमीवर ५ सेंमीचं एकटं फूल सेन्सरवर जेमतेम २.४ मिमीचं होतं, चौकटीच्या उंचीच्या एकदशांश. ते हरवून जातं.

उपाय सोपा आहे: एकट्या फुलाऐवजी झुबका निवडा. २० सेंमी पसरलेला पॉपीचा झुबका त्याच ठिकाणी ९.५ मिमीचा होतो आणि चौकटीच्या उंचीचा ४० टक्के भाग व्यापतो. पुढच्या कडेपासून क्षितिजापर्यंत सगळं लख्ख.

थोडक्यात, एकच फूल नायक असेल तर फोकस फुलावर ठेवा आणि मागचं मऊ पण ओळखीचं राहू द्या. झुबका नायक असेल तर हायपरफोकल वापरा. वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो संगणकावर जोडण्याची फोकस स्टॅकिंग ही तिसरी वाटही आहे, पण पॉपीचे देठ बारीक असतात आणि त्या खोऱ्यात वारा वाहतो. दोन फोटोंच्या मध्ये फूल हललं, की जोडकाम फसतं.

फोनवाल्यांनी नाराज होऊ नये

उलट या प्रकारात फोन तगडा गडी आहे. बऱ्याच फोनच्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ दीड-दोन मिलिमीटरच असते. ‘१३ मिमी’ हा आकडा फुल फ्रेमच्या तुलनेत सांगितलेला असतो. खरी फोकल लेंथ १.६ मिमी आणि एफ/१.८ धरा, म्हणजे छिद्र ०.९ मिमी. म्हणजे २० मिमीच्या लेन्सचं एफ/२२ चं छिद्र तुमच्या खिशात आधीच आहे.

असा फोन फुलापासून १० सेंमीवर धरला, तर तिथे चौकट सुमारे २८ सेंमी रुंद असते. २८० ला ०.९ ने भागा: ३०० हून जास्त ठिपके. ५ सेंमीवर नेला तर चौकट निम्मी होते आणि ठिपकेही निम्मे. म्हणून फोन २ सेंमीपर्यंत फोकस करत असला, तरी अगदी चिकटू नका. ८ ते १० सेंमी हे पॉपीसाठी चांगलं अंतर आहे.

दोन सूचना. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण त्यात सॉफ्टवेअर मुद्दाम पार्श्वभूमी पुसतं. आणि कॅमेरा ०.५ वर ठेवून खात्री करा की तुमच्या फोनचा अल्ट्रावाइड जवळ फोकस करतो. काही फोनमध्ये त्याचा फोकस कायमचा दूर बसवलेला असतो.

प्रत्यक्ष जागेवर

१. वेळ. कॅलिफोर्निया पॉपी रात्री मिटते. थंडी, ढग आणि जोराचा वारा असेल तर दिवसाही मिटलेली राहते. पहाटेच्या सोनेरी उजेडाचा हट्ट इथे चालत नाही. ऊन चांगलं वर येऊ द्या, पण दुपारचा वारा सुटायच्या आत काम उरका.

२. उंची. कॅमेरा फुलाच्या उंचीवर किंवा त्याहून खाली आणा. उभं राहून खाली पाहत काढलेल्या फोटोत मागे माती येते, खाली बसलात की डोंगर आणि आभाळ येतं. फिरणारा स्क्रीन असेल तर गुडघ्यावर बसून काम होतं.

३. अंतर. लेन्सवर लिहिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या काचेपासून नाही. कॅमेऱ्याच्या अंगावर गोलाला छेदणारी रेघ अशी एक खूण असते, ती सेन्सरची जागा. किमान अंतर २० सेंमी असेल, तर काच आणि फूल यांच्यात प्रत्यक्षात काही सेंटिमीटरच उरतात. हूड फुलाला लागत असेल तर काढून ठेवा.

४. सावली. सूर्य पाठीमागे असेल तर तुमची आणि लेन्सची सावली फुलावर पडते. ऊन बाजूने किंवा समोरून येऊ द्या. समोरच्या उन्हात पातळ पाकळ्या कंदिलाच्या कागदासारख्या उजळतात. लेन्सवर थेट ऊन येत असेल तर चौकटीबाहेर हाताचा आडोसा धरा.

५. शटर. मंद वाऱ्यात फूल सेकंदाला ५ सेंमी हललं असं धरा. आपल्या उदाहरणात सेन्सरवर त्याची प्रतिमा सेकंदाला ५ मिमी सरकते. १/३० सेकंदात ती ०.१७ मिमी सरकेल, म्हणजे फूल फिसकटलं. १/२५० ला ०.०२ मिमी, म्हणजे चालेल. लख्ख उन्हात एफ/१६ आणि आयएसओ १०० ला शटर साधारण १/१०० येतं. आयएसओ ४०० करा, १/४०० मिळेल. अचल पण हललेल्या फुलाचा काही उपयोग नाही. थोडे दाणे आलेले परवडतात.

६. रंग. गडद नारिंगी फुलात लाल रंगाची नोंद इतर रंगांच्या आधी भरून वाहते आणि पाकळ्या सपाट रंगाच्या ठोकळ्यासारख्या दिसतात. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर लालवर नजर ठेवा. नसेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करून एक जादा फोटो घ्या.

७. चौकट. वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू ताणून अंडाकृती करते. नायक फूल अगदी कोपऱ्यात नको. पोलरायझर फिल्टरही काढून ठेवा. एवढ्या रुंद चौकटीत आभाळ अर्धं गडद आणि अर्धं फिकं येतं.

पाय कुठे ठेवायचा

आता या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. जवळ जाऊन फोटो काढायचं तंत्र शिकवलं, की लोक जवळ जातात. मार्च २०१९ मध्ये लेक एल्सिनोर शहराजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये बहर पाहायला इतकी गर्दी लोटली, की शहराला काही काळ प्रवेश थांबवावा लागला. २०२३ च्या फेब्रुवारीत तर शहराने बहराच्या तोंडावरच ती पायवाट बंद केली. फुलांत बसून, लोळून फोटो काढल्यावर मागे काय राहतं? मोडलेले देठ, आणि दाबून घट्ट झालेली माती. मोडलेल्या फुलाचं बी तयार होत नाही, आणि पुढच्या बहराची आशा त्या बियांवरच असते. म्हणून अँटिलोप व्हॅलीच्या राखीव क्षेत्रात पायवाट सोडून चालायला मनाई आहे.

चांगली बातमी अशी, की या प्रकारच्या फोटोला पायवाट सोडायची गरजच पडत नाही. फुलांच्या उंचीवरून पाहिलं, की पुढची फुलं मागच्या मोकळ्या जागा झाकतात आणि दहा-बारा फुलं ताटव्यासारखी दिसतात. पायवाटेच्या अगदी काठाला उगवलेली एक पॉपी शोधा, वाटेवरच बसा, आणि कॅमेरा अशा बाजूने धरा की वाट तुमच्या मागे आणि डोंगर फुलाच्या मागे येईल. २२ सेंमी म्हणजे वीतभर अंतर, आणि तेवढा हात तर वाटेवरूनही पोहोचतो. गालिचाच्या मधोमध उभं राहायची हौस लांब लेन्सवाल्यांना पडावी. वाइड लेन्सवाल्याला एक फूल पुरतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तेच तंत्र विरळ फुलांना दाट दाखवू शकतं. फोटो पाठवताना ‘डोंगर भरलाय’ असं लिहिण्याआधी उभं राहून एकदा चौफेर पाहा, आणि जे दिसतं ते लिहा. नाहीतर तुमच्या फोटोवर विसंबून कुणीतरी दोन तास गाडी चालवत येईल.

कासला जाणार असाल तर

गणपतीच्या सुमाराला भारतात जाणाऱ्यांपैकी काही जण साताऱ्याजवळच्या कास पठारावर जातात. पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यांत कास आहे. तिथली सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं जेमतेम सेंटिमीटरभराची असतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. जांभ्या खडकावरच्या पातळ, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात. नुसत्या फुलाच्या फोटोत यातलं काहीच कळत नाही. ओला खडक, साचलेलं पाणी आणि ढगाळ पठार चौकटीत आलं, तरच तिची गोष्ट पुरी होते.

इथे छिद्राचा नियम पुन्हा वापरा. १ सेंमीच्या फुलाशेजारी १.८ मिमीचा ठिपका म्हणजे फुलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तो फार मोठा होतो. म्हणून तिथे मोठ्या कॅमेऱ्याने एकट्या फुलामागे न लागता पुंजका घ्या, किंवा सरळ फोन काढा. आणि पाय कुठे ठेवायचा हा नियम तिथे दुप्पट कडक, कारण खडकावरचा मातीचा थर फार पातळ असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

कॅलिफोर्निया किंवा कास लांब असेल तर लंडनच्या बागेतलं डँडेलियन किंवा टेक्ससच्या रस्त्याकडेचं ब्लूबॉनेटही चालेल. एकाच फुलाचे तीन फोटो काढा. पहिला लांब लेन्सने किंवा झूम करून, दुसरा वाइड लेन्सने एफ/४ ला, तिसरा त्याच लेन्सने एफ/१६ ला. तिन्हींत फूल चौकटीत सारखंच मोठं ठेवा. मग फोकल लेंथला एफ आकड्याने भागून प्रत्येक फोटोचं छिद्र काढा, आणि त्या व्यासाचा गोल कागदावर त्याच मापाच्या फुलाशेजारी काढून पाहा. मागच्या झाडाच्या पानांमधून चमकणारे उजेडाचे डाग फोटोत मोजलेत, तर फुलाच्या तुलनेत ते तुमच्या गोलाएवढेच भरतील.

फोनवाल्यांनी एकच करायचं: तेच फूल २ सेंमीवरून, ५ सेंमीवरून आणि १० सेंमीवरून काढा, आणि मागचं झाड कितव्या फोटोत झाड म्हणून ओळखू येतं ते पाहा. तो आकडा फोनच्या कव्हरमागे लिहून ठेवा. पुढच्या बहरात उपयोगी पडेल.